जुन्या मोटारीचा रेडिएटर

ज्यानें आयुष्यभर खडू आणि फळा यांखेरीज दुसरें साधन हातीं धरलें नाहीं, आणि वाहनांच्या बाबतींत ज्याची मजल सायकलीपलीकडे गेली नाहीं, अशा एका निवृत्त शाळामास्तरानें मोटारीच्या रेडिएटरविषयीं आपणांशीं बोलावें, हें आपणांस थोडें चमत्कारिक वाटेल. मलाहि तें तसेंच वाटत होतें. परंतु गेल्या तीन वर्षांत या एका वस्तूनें मला जें शिकविलें, तें मीं पस्तीस वर्षें मुलांना शिकवूनहि स्वतः पुरतें शिकलों नव्हतों. म्हणून ही हकीकत सांगण्याचें धाडस करतों.

माझे एक बाळपणापासूनचे स्नेही आहेत. त्यांचें मूळ घर नगर जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांतील एका गांवीं. वाड्याच्या मागें, जेथें पूर्वीं बैल बांधीत, तेथें एका ताडपत्रीखालीं त्यांच्या आजोबांची फोर्ड मोटार कित्येक वर्षें उभी होती. कोंबड्या तिच्या आसनावर अंडीं घालीत. स्नेह्यांच्या मातोश्री, ज्यांना मी काकू म्हणतों, नव्वदीच्या उंबरठ्यावर आल्या होत्या. त्या नववधू म्हणून याच मोटारींतून या वाड्यांत आल्या. एके दिवशीं बोलतां बोलतां त्या म्हणाल्या, "एकदां तिच्यांत बसून नगरपर्यंत जाऊन यावें असें वाटतें." त्यांनीं आयुष्यांत फारसें कांहीं मागितलें नव्हतें. म्हणून स्नेह्यांनीं मोटार दुरुस्त करावयाचें ठरविलें, आणि इंग्रजी पत्रें लिहिणें व याद्या वाचणें हें काम माझ्याकडे आलें.

यंत्र फारसें बिघडलें नव्हतें. खरी अडचण निघाली ती रेडिएटरची. त्याचा गाभा बोटानें दाबला तर वाळलेल्या पानासारखा चुरत होता.

रेडिएटर म्हणजे काय, हें समजावयास आपल्या घरांतील तांब्याचा बंब डोळ्यांपुढें आणावा. बंबांत वरून थंड पाणी ओतलें कीं तें तळाशीं जातें आणि तापलेलें हलकें पाणी वरच्या तोटींतून बाहेर पडतें. मोटारींत हेंच उलट्या हेतूनें करतात. बंबाला पाणी तापवावयाचें असतें, रेडिएटरला तें निववावयाचें असतें. यंत्राभोंवतीं फिरून तापलेलें पाणी वरच्या टाकींत येतें, अनेक उभ्या बारीक नळ्यांतून खालीं उतरतें, आणि नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांवरून वारा वाहत गेला म्हणजे त्याची उष्णता हरण होते. निवालेलें पाणी खालच्या टाकींतून पुन्हां यंत्रांत शिरतें. फोर्डच्या 'टी' नमुन्याच्या मोटारींत आरंभींच्या सुमारें अडीच हजार मोटारींनंतर पंपहि काढून टाकला होता. केवळ गरम पाणी वर चढतें आणि थंड पाणी खालीं बसतें, एवढ्याच निसर्गनियमावर ती मोटार चाले. तिच्यामागून २ डिसेंबर १९२७ रोजीं लोकांपुढें आलेल्या 'ए' नमुन्यांत पंप आला. तो पंख्याच्या दांड्यावरच बसविलेला असे. आमची मोटार या 'ए' नमुन्याची.

रेडिएटरच्या गाभ्याचे मुख्य प्रकार दोन. एक नळ्या-पत्र्यांचा, जो मीं आतां सांगितला. दुसरा मधाच्या पोळ्यासारखा, ज्यांत वारा आडव्या नळ्यांतून जातो आणि पाणी त्यांच्यामधल्या फटींतून. विल्हेल्म माइबाख या जर्मन कारागिरानें १९०१ च्या सुमारास पहिल्या मर्सिडीस मोटारीसाठीं असा गाभा बनविला, तेव्हां त्यांत ८,०७० नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळीचें चौकोनी तोंड अवघें सहा मिलिमीटरचें होतें. त्या एका युक्तीनें मोटारीची पाण्याची भूक एकदम कमी झाली, आणि जोरदार यंत्रें बांधणें शक्य झालें. मोटारीचा चेहरा म्हणून आपण जो ओळखतों, तो पुढें कित्येक वर्षें या रेडिएटरनेंच ठरविला.

आतां 'मूळ भाग' या शब्दाकडे वळूं. बाजारांत हा शब्द फार सैल वापरला जातो. एक भाग असतो तो खरोखर त्याच कारखान्यांत, त्याच काळीं, त्याच नमुन्यासाठीं घडविलेला. दुसरा असतो तो जुन्या नमुन्याबरहुकूम आज नव्यानें केलेला; अमेरिकेंत 'ए' नमुन्याचे बहुतेक भाग आजहि असे तयार होतात, कारण त्या मोटारी सुमारें ४८ लाख निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच अजून चालतात. तिसरा असतो तो जागेवर बसतो खरा, पण परक्या घरचा. विकणारा तिघांनाहि 'ओरिजिनल' म्हणतो, आणि पुष्कळदां तो खोटेंहि बोलत नसतो. त्याला स्वतःलाच फरक ठाऊक नसतो.

फरक ओळखावयाचा तर क्रमांक पाहावा. फोर्ड कंपनीनें या काळांत क्रमांक देण्याची मोठी सुटसुटीत पद्धति पाडली होती. आरंभींचें अक्षर नमुना सांगतें, पुढचा अंक भाग सांगतो. ८००५ म्हणजे रेडिएटर, ८१०० म्हणजे त्याचें झांकण, ८२६० वरची रबरी नळी आणि ८२८६ खालची. त्यामुळें आमच्या मोटारीचा रेडिएटर ए-८००५, आणि १९३२ सालच्या आठ सिलिंडरांच्या मोटारीचा १८-८००५. व्याकरणांत मूळ धातु आणि प्रत्यय असतात, तशीच ही व्यवस्था. मला ती फार आवडली, आणि त्या आवडीनेंच माझा घात केला.

कारण 'ए' नमुना १९२८ पासून १९३१ पर्यंत चालला, परंतु १९३० सालीं त्याचें रूप पालटलें. आधींच्या दोन वर्षांची दर्शनी चौकट ठेंगणी आणि निकेलचा मुलामा दिलेली. नंतरच्या दोन वर्षांची उंच आणि न गंजणाऱ्या पोलादाची. आंतला रेडिएटरहि त्या मानानें उंच. चाकेंसुद्धां २१ इंचांवरून १९ इंचांवर आलीं. म्हणून नुसता ए-८००५ मागून भागत नाहीं. साल सांगावें लागतें. आमच्या मोटारीची मूळ दर्शनी चौकट केव्हांच हरवलेली होती, तेव्हां तिचा आधार नव्हता. मीं नोंदणीचें जुनें पुस्तक उघडलें. त्यांत १९३० साल स्वच्छ अक्षरांत होतें. चाकें मोजलीं, तीं १९ इंची. दोन पुरावे जुळले. आणखी काय हवें?

त्या वेळीं काकू पडवींत बसून आमचें बोलणें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "चाकें तिचीं नव्हेत हो. युद्धाच्या दिवसांत मोठे टायर मिळेनात, म्हणून मामंजींनीं लहान चाकें आणून बसविलीं, असें सासूबाई सांगत." मीं हंसून मान डोलावली आणि पत्र लिहावयास घेतलें. छापील पुस्तकापुढें म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला किंमत किती द्यावयाची, याविषयीं माझे विचार ठाम होते.

परदेशांतून रेडिएटर आणि चौकट मागविली. जहाजानें येऊन, जकात भरून, पेटी गांवीं पोंचेपर्यंत पांच महिने गेले. पेटी उघडली तेव्हां आंत अत्यंत सुबक वस्तु निघाली, आणि ती आमच्या मोटारीची नव्हती. चौकट जागेवर ठेवली तर बॉनेट तिच्या खालींच राहिलें. जणूं थोरल्या भावाची टोपी धाकट्याच्या डोक्यावर चढविली. विकणाऱ्याचा कांहीं दोष नव्हता. त्यानें मीं मागितलें तेंच पाठविलें होतें. स्नेही कांहीं बोलले नाहींत. काकूहि बोलल्या नाहींत. त्या उन्हाळ्यांत त्यांची प्रकृति बरी नव्हती, आणि पांच महिने म्हणजे नव्वदीच्या माणसाला किती होतात, हें मला त्या दिवशीं कळलें.

मग मीं तें केलें, जें आधींच करावयास हवें होतें. 'ए' नमुन्याच्या यंत्राचा क्रमांक त्याच्या डाव्या बाजूस, पाणी जेथें आंत शिरतें त्या तोंडाच्या किंचित् वर, एका सपाट जागेवर ठोकलेला असतो. त्यावर बोटभर तेलकट माती बसली होती. घासलेट आणि दांत घासण्याचा ब्रश घेऊन एक दुपार बसलों, तेव्हां एक एक अंक वर आला. अंकाआधीं 'सीए' हीं अक्षरें होतीं. याचा अर्थ यंत्र कॅनडांतलें. फोर्डच्या हिंदुस्थानांतील व्यवसायाचीं सूत्रें त्या काळीं कॅनडाच्या कंपनीकडे होतीं, आणि १९२६ सालीं मुंबईस तिची शाखा निघाली होती. कॅनडाच्या यंत्रांची क्रमांकमालिका अमेरिकेहून निराळी असते. ती पडताळून पाहिली तेव्हां यंत्र १९२९ चें ठरलें. म्हणजे मोटार १९२९ सालीं घडली, समुद्र ओलांडून आली, कांहीं काळ गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिली, आणि १९३० सालीं तिची नोंद झाली. पुस्तकांतलें साल खरें होतें. पण तें जन्माचें नव्हतें, बारशाचें होतें. आणि चाकांच्या बाबतींत काकू खऱ्या होत्या.

मीं वाड्यावर जाऊन त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, गुरुजींनीं चुकूं नये असें कुठें आहे?" आणि मग आपणहून एक गोष्ट सांगितली, कीं पुढच्या चौकटीवर किंचित् पिवळसर झांक असे आणि चिंचेनें ती घासूं नये अशी मामंजींची सक्त ताकीद होती. निकेलची झांक खरोखरच तशी असते. या वेळीं मीं तें लिहून घेतलें.

यानंतरचा शोध मी थोडक्यांत सांगतों. पुण्याचा जुना बाजार बुधवारीं व रविवारीं भरतो, तो आम्हीं किती वेळां पालथा घातला याची गणती नाहीं. मुंबईच्या चोर बाजारांतहि गेलों. या हिंडण्यांत एक लहानसें हत्यार फार उपयोगी पडलें, तें म्हणजे लोहचुंबक. एका दुकानांत काळा रंग दिलेली वरची टाकी मिळाली. आकार बरोबर, दुकानदाराची शपथहि बरोबर. चुंबक लावला तर तो टाकीला घट्ट चिकटला. पितळेला चुंबक चिकटत नाहीं. रंगाखालीं लोखंड होतें. आम्हीं नमस्कार करून निघालों. अखेर दर्शनी चौकट मिळाली ती एका जुन्या भंगारवाल्याकडे. ती तेथें कुंडीला आधार म्हणून उभी होती! एका बाजूस पोचलेली, पण १९२८-२९ चीच.

राहिला गाभा. येथें घरांत दोन पक्ष पडले. स्नेह्यांचे चिरंजीव पुण्यास अभियंते आहेत. त्यांचें म्हणणें असें, कीं ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर बसवावा, त्याला विजेचा पंखा जोडावा, आणि वर जुनी चौकट ठेवावी. बाहेरून कोणास कळणार? मोटार तापणार नाहीं आणि आजीला त्रास होणार नाहीं. हा युक्तिवाद हलका नव्हता. दुसऱ्या बाजूला नगरमधील एक वृद्ध मिस्त्री होते, ज्यांना सारे उस्ताद म्हणतात. चाळीस वर्षें ते रेडिएटरला डाख देत आले आहेत. त्यांनीं आमच्या चुरत्या रेडिएटरच्या दोन्ही टाक्या हातांत घेतल्या, नखानें खरवडून पितळ पाहिलें आणि म्हणाले, "गुरुजी, पोट गेलंय, पण डोकं आणि पाय शाबूत आहेत. ह्या टाकून द्यायच्या नाहींत."

मी कोणाच्या बाजूचा, असें मला विचारण्यांत आलें. मीं आधीं उत्तर दिलें नाहीं. चिरंजीवांना घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयांत गेलों. लष्करानें १९९४ सालीं उघडलेल्या या संग्रहालयांत रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली जुनी चिलखती मोटार आहे. या जातीच्या मोटारीच्या रेडिएटरपुढें पोलादी दारें असत. गोळीबार चालू असतां तीं मिटावयाचीं आणि धोका टळला कीं वाऱ्यासाठीं उघडावयाचीं. दारें मिटलेलीं ठेवावीं तर पाणी उकळणार, उघडावीं तर गोळी लागणार. त्या दोन झडपांकडे पाहिलें कीं मोटार हांकणाऱ्या शिपायाची सारी विवंचना समजते. मीं चिरंजीवांना म्हटलें, "आंत नवें यंत्र घालून हीं दारें नुसतीं शोभेला ठेवलीं असतीं, तर तुम्हांला ही गोष्ट समजली असती काय?" त्यांनीं थोडा विचार केला आणि म्हटलें, "नाहीं. पण आजी शिपाई नाहीं." हें उत्तरहि मला पटलें, हें कबूल केलें पाहिजे.

आपल्याकडे हेमाडपंती देवळांचा जीर्णोद्धार आपण पाहतोंच. कोठें कोणी चिरा निखळला तर त्याच दगडाचा दुसरा चिरा घडवून बसवितो. कोठें कोणी भक्तिभावानें साऱ्या देवळाला तेलरंग फांसतो. दोघांचाहि हेतु चांगला. जुनी पोथी नकलतांना अक्षर झडलेलें असेल तर प्रामाणिक लेखक जागा सोडतो, किंवा आपलें अक्षर निराळें दिसेल असें लिहितो. स्वतःचा पाठ मूळाचा म्हणून खपवीत नाहीं. मला वाटतें, जुन्या यंत्राच्या बाबतींतहि नीति हीच असावी. जेवढें वांचेल तेवढें वांचवावें. वांचत नाहीं तें त्याच धातूनें, त्याच रीतीनें नवें करावें. आणि तें नवें आहे हें लपवूं नये. चिरंजीवांची अट एवढीच राहिली, कीं मोटार तापतां कामा नये. उस्तादांनीं ती मान्य केली.

मग उस्तादांनीं जुन्या दोन्ही टाक्या आणि बाजूच्या पट्ट्या उकळत्या सोड्याच्या पाण्यांत सोडविल्या. आंत पांढऱ्या खारांचा थर होता. आपल्या काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी जड. ज्या कारणानें आपल्या बंबाच्या तळाशीं पापुद्रा धरतो, त्याच कारणानें रेडिएटरच्या नळ्या बुजतात. नव्या पितळी नळ्या आणि तांब्याच्या पत्र्या ओवून त्यांनीं गाभा बांधला, जुन्या टाक्यांना डाख देऊन जोडला, आणि तोंडें बंद करून हौदांत बुडविला. हवा भरली ती अगदीं बेतानें. कारण या काळच्या रेडिएटरांत दाब नसतोच. जास्त झालेलें पाणी व वाफ एका उघड्या नळीनें खालीं जमिनीवर पडते. आजच्या मोटारीचें दाबाचें झांकण कोणी हौसेनें अशा रेडिएटरवर बसविलें, तर जुने सांधे उकलतात. ज्यांच्या घरीं अशी मोटार असेल त्यांनीं एवढी एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. आणि पाणी पावसाचें, नाहीं तर उकळून निवविलेलें घालावें.

हौदांत दोन ठिकाणीं बुडबुडे आले. उस्तादांनीं स्वतः तिकडे पाहिलें नाहीं, शेजारीं उभ्या असलेल्या आपल्या नातवाला विचारलें, "कुठं?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मला आतां बुडबुडा दिसत नाहीं, गुरुजी. डाख हाताला कळतो, बुडबुडा नाहीं कळत." तो मुलगा बारा-तेरा वर्षांचा. सुट्टी असली कीं येऊन बसतो. नव्या मोटारींचे रेडिएटर कोणी दुरुस्त करीत नाहीं, ते बदलतात. त्यामुळें हें काम त्याला पोट भरावयास पुरेल असें त्याच्या आजोबांनाहि वाटत नाहीं. जुने भाग दुर्मिळ झाले अशी तक्रार आपण करतों. भाग एक वेळ कुंडीखालीं सांपडेल. पण हा हात एकदां गेला कीं कोणत्या बाजारांत तो शोधावयाचा?

गेल्या कार्तिकांत, थंडी पडूं लागल्यावर, मोटार रस्त्यावर आली. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें स्वतंत्र नियम केले, आणि त्यांच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें घालण्याची सोय केली. मूळ सांगाडा, अंगबांधणी आणि यंत्र यांत मोठा फेरबदल केलेला नसावा, ही त्यांतील अट. त्यासाठीं जी टिपणवही केली, तींत मीं स्वच्छ अक्षरांत लिहिलें आहे, कीं टाक्या मूळच्या, चौकट त्या काळची पण दुसऱ्या मोटारीची, चाकें अद्याप परकीं आणि गाभा नवा. हें शेवटचें वाक्य लिहितांना कमीपणा वाटला नाहीं.

काकू मागच्या आसनावर बसल्या. मी पुढें. पुणें-नगर रस्त्याला लागलों. याच रस्त्यानें १ जून १९४८ रोजीं राज्याची पहिली एस. टी. बस धावली, ही गोष्ट मीं काकूंना सांगूं लागलों. पण त्यांचें लक्ष रेडिएटरच्या झांकणाकडे होतें. सुप्याच्या अलीकडे एक चढ लागला, तेव्हां त्यांनीं मोटार थांबवावयास सांगितलें. आम्ही घाबरलों. त्या म्हणाल्या, "येथें पाणी घालावें लागतें." स्नेही म्हणाले, "आई, आतां लागत नाहीं, पाणी उकळलेलें नाहीं." त्यांनीं थोडा वेळ पाहिलें, खरोखरच वाफ नव्हती. मग म्हणाल्या, "तरी घाला थोडें. मामंजी घालीत."

झांकण सावकाश काढलें. टाकी भरलेलीच होती. स्नेह्यांनीं तांब्यांतलें घोटभर पाणी त्यांत ओतलें. तें उघड्या नळीनें खालीं रस्त्यावर पडलें, आणि आम्ही पुढें निघालों.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मोटार नसेल, पण माळ्यावर एखादें शिवणयंत्र, घड्याळ, ग्रामोफोन किंवा पायपेटी असेल. ती दुरुस्त करावयाचें मनांत आलें, तर आधीं क्रमांक शोधा. तो धुळीखालीं असतो. कागदावरचें साल जन्माचें कीं बारशाचें, तें पाहा. आणि घरांत कोणी वडील माणूस असेल, तर त्याला आधीं विचारा. तें सांगेल तें लिहून ठेवा. माझ्या हातून हें झालें नाहीं, म्हणून सांगतों.